जुन्या मुंबईत मैला आणि बैलगाडी एकाच कलमात का होते?

आज आपल्याकडे कचरा हा महापालिकेचा विषय आणि ट्रॅफिक हा पोलिसांचा, दोन्हीची ऑफिसं वेगळी, दंडाच्या पावत्या वेगळ्या, आणि एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. एकोणिसाव्या शतकात ही वाटणी अशी नव्हती. 1861 च्या पोलीस कायद्याचं कलम 34 काढून बघा. रस्त्यात जनावर कापणं, घोडा किंवा गाडी बेफाम हाकणं, जनावराला क्रूरपणे मारणं, गाडी उभी करून वाट अडवणं, विकायला माल मांडून बसणं, रस्त्यावर घाण टाकणं, दारू पिऊन गोंधळ घालणं, विहिरीला कठडा न बांधणं, हे सगळं एकाच कलमात, एकाच दंडात. पन्नास रुपयांपर्यंत दंड नाहीतर आठ दिवसांपर्यंत कैद. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांसाठी पोलिसांचे कायदे वेगळे होते पण त्यातल्या याद्या याच धाटणीच्या.

हे सगळं एका पोत्यात का भरलं होतं हे समजलं की त्या काळातलं मुंबईचं अख्खं राजकारण समजायला लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचं आणि इंजिनिअरांचं म्हणणं असं होतं की रोग हवेतून होतो. म्हणजे जंतू हवेतून येतात असं नाही, तर कुजलेल्या गोष्टींमधून जी वाफ, जो वास निघतो तोच माणसाला आजारी पाडतो. जंतूंचा सिद्धांत हळूहळू पुढे येत होता, रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू कलकत्त्यात पक्का ओळखला तो 1884 मध्ये, म्हणजे आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्याचा बराचसा भाग त्याच्या आधीचा. एकदा वास म्हणजेच रोग असं धरलं की पुढचा हिशोब सरळ आहे. हवा खेळती पाहिजे. हवा खेळती ठेवायची तर रस्ता रुंद पाहिजे, मोकळा पाहिजे, त्यात ओटे, पायऱ्या, फेरीवाले, उभ्या गाड्या, मोकाट जनावरं नकोत. मग जो रस्ता गाड्यांसाठी मोकळा तोच आरोग्यासाठी चांगला, आणि जो माणूस रस्ता अडवतो तो ट्रॅफिकही अडवतो आणि हवाही अडवतो. कायद्याच्या भाषेत दोन्हीला एकच नाव, सार्वजनिक उपद्रव.

हा सिद्धांत चुकीचा होता पण त्यातून केलेली बरीच कामं उपयोगाची ठरली, कारण वासाच्या मागे लागून का होईना घाण उचलली जात होती. आणि काही कामं अंगाशीही आली. मुंबईच्या पाण्याचं उदाहरण तर फारच शिकण्यासारखं आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

1860 च्या आधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगायची. धोबी तलाव, गोवालिया टँक, मुंबादेवीचा तलाव, कावसजी पटेल तलाव ही आज नुसती नावं उरलीत पण तेव्हा तिथे खरंच पाणी होतं, लोक तेच प्यायचे, त्याच्याच आसपास कपडे धुवायचे, जनावरंही तिथेच. उन्हाळ्यात तळ दिसायचा. 1850 च्या दशकात पावसाने दगा दिला तेव्हा पाण्याचे इतके हाल झाले की बाहेरून पाणी आणायची वेळ आली. हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरने 1852 मध्येच शहराच्या आरोग्यावर रिपोर्ट दिला होता, पुढे विहार तलावाची योजनाही त्याचीच. 1856 ला काम सुरू झालं आणि 1860 मध्ये विहारचं पाणी पाइपातून शहरात आलं. त्या काळासाठी ही प्रचंड मोठी गोष्ट होती, आणि ज्या बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरीवर ताटकळायच्या त्यांच्यासाठी तर फारच.

पण इथे गंमत नाही, घोळ झाला. पाणी आलं आणि गटारं आलीच नाहीत. मोरी तुंबलेली असताना नळ पूर्ण सोडून दिला तर घरात जे होईल तेच शहराचं झालं. आधी माणूस विहिरीतून दोन हंडे आणायचा तेव्हा सांडपाणीही तेवढंच. आता नळ आला म्हणजे वापर वाढला, आणि ते वापरलेलं पाणी जायचं कुठे? तर उघड्या गटारात, घरामागच्या बोळात, आणि जमिनीत. जमीन कायमची ओली राहायला लागली. डॉ. अँड्र्यू लीथ यांनी 1864 मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्याच्या स्थितीवर रिपोर्ट लिहिला, त्यानंतर 1865 पासून हेल्थ ऑफिसर असलेले डॉ. हेव्लेट वर्षानुवर्षं गटारांच्या आणि घाणीच्या प्रश्नावर लिहीत राहिले.

मग गटार का नाही बांधलं, इतके हुशार इंजिनिअर होते ना? याचं उत्तर मुंबईच्या जमिनीत आहे. मुंबई म्हणजे मुळात वेगवेगळी बेटं, मधे खाजण. 1784 च्या सुमाराला वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खिंड हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बंद केली आणि आतला सखल भाग कोरडा झाला, पण तो भाग वर उचलला गेला नाही, बराचसा भाग भरतीच्या पातळीच्या खालीच राहिला. कामाठीपुरा, भायखळ्याच्या आजूबाजूचा सगळा पट्टा असा. आता गटाराचं पाणी उताराने वाहतं, आणि उतारच नसेल तर ते तिथेच बसून राहणार. शहराचं मुख्य गटार याच सखल भागातून वरळीच्या लव्ह ग्रोव्हला जायचं आणि तिथे समुद्राच्या तोंडाशी दरवाजे होते. ओहोटीला दरवाजे उघडायचे, मैलापाणी समुद्रात सोडायचं, भरतीला बंद करायचे नाहीतर समुद्रच आत येईल. म्हणजे दिवसातले कित्येक तास शहराची घाण नुसती तुंबून राहणार आणि पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर विचारूच नका. लव्ह ग्रोव्हला पंप नंतर बसवले. आज जोरदार पावसाच्या दिवशी भरतीच्या वेळा बातम्यांमध्ये का सांगतात याचं कारण हेच आहे, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीचाच आहे.

आता मैल्याचं. हा भाग वाचायला त्रासदायक आहे पण तो टाळून हा विषय समजवताच येत नाही.

जुन्या मुंबईत दोन चाळींच्या मधे एक अरुंद बोळ सोडलेला असायचा, त्याला घरगल्ली म्हणतात, गिरगाव-भुलेश्वर-मांडवीकडच्या लोकांना हा शब्द सांगायला नको. ही जागा रस्ता नव्हे, हवेसाठीही नव्हे. प्रत्येक मजल्यावरचे संडास या गल्लीच्या बाजूला, खाली टोपली, मैला वरून पडणार आणि त्याच गल्लीतून घराघरातल्या मोऱ्यांचं पाणीही वाहणार. गल्ली इतकी अरुंद की एक माणूस जेमतेम शिरेल. आणि रोज एक माणूस शिरायचाच. सरकारी कागदात त्याला हलालखोर म्हणायचे. तो त्या चिखलातून आत जाऊन टोपल्या काढायचा, डोक्यावर घ्यायचा, गाडीपर्यंत न्यायचा, गाडी डेपोवर जायची. हे काम कोणत्या जातींच्या माथी मारलं होतं हे वेगळं सांगायची गरज नाही. मुंबईत यात गुजरात-काठियावाडकडून आलेली कुटुंबं खूप होती.

या कामासाठी घरमालकांवर कर होता, त्याचं नावच हलालखोर कर. 1888 च्या महापालिका कायद्यात तो घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या शेजारी बसलेला होता. आज मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण कर अशी जी ओळ येते ती त्याच कुळातली. कायद्यात मैला वाहून नेण्याचे तास ठरवायचा अधिकार कमिशनरला दिला होता, त्या वेळांबाहेर मैला नेला किंवा झाकण नसलेल्या भांड्यातून, गाडीतून नेला तर गुन्हा. वाचताना वाटतं किती चांगला नियम. पण बारकाईने बघितलं तर नियम कोणासाठी आहे? रस्त्याने जाणाऱ्याला वास येऊ नये, त्याला ते दिसू नये, यासाठी. ज्याच्या डोक्यावर टोपली आहे त्याच्या अंगावर ते सांडू नये म्हणून एक ओळ नाही. मला या सगळ्या कायद्यांमध्ये सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

आणि शहराला हेही पक्कं माहीत होतं की आपण पूर्णपणे याच लोकांवर अवलंबून आहोत. सफाईवाले एकदम काम सोडून गेले तर काय होईल या भीतीने 1890 मध्ये मुंबई इलाख्यात म्युनिसिपल नोकरांसाठी स्वतंत्र कायदाच केला, नोटीस न देता, परवानगीशिवाय काम सोडणं हा शिक्षेचा गुन्हा. दुसरे बरेच कामगार नोकरी सोडून जाऊ शकत होते, हा नाही.

मग 1896 चा सप्टेंबर आला. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबरमध्ये कडक नियम काढले, रोग्याला जबरदस्तीने वेगळं काढून हॉस्पिटलात न्यायचं. लोक चिडले, घाबरले, हॉस्पिटलात गेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत सगळीकडे. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. आणि त्याच दिवसांत कमिशनरला हे नियम सैल करावे लागले, त्याचं एक मोठं कारण असं की सफाई कामगार शहर सोडून पळून जातील अशी भीती होती. व्यापारी शहर सोडून चालले होते, कारकून चालले होते, गिरण्या रिकाम्या पडत होत्या, तरी शहर कसंबसं उभं होतं. पण हलालखोर गेला असता तर काही दिवसांत मुंबई राहण्यालायकच उरली नसती, हे कमिशनरने स्वतः ओळखलं होतं. मला वाटतं त्या कामाची खरी किंमत सरकारी कागदावर पहिल्यांदा तिथे लिहिली गेली, आणि तीही पगारवाढ म्हणून नाही, भीती म्हणून.

आता गाड्यांकडे येऊ.

1860 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फोर्ट म्हणजे खरोखरचा किल्ला होता, भिंत, खंदक आणि तीन दरवाजे, अपोलो, चर्चगेट आणि बझारगेट. दिवसभर सगळी बैलगाडी, पालखी, घोडागाडी याच दरवाज्यांतून. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना या भिंती पाडल्या. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव, आणि गाठी भरलेल्या बैलगाड्यांची रांग बंदराकडे. 1864 च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 भरली. तेजी कोसळल्यावर 1872 मध्ये तीच 6,44,405 वर आली, यावरून किती लोक नुसत्या कामासाठी येऊन गल्लीबोळात राहात होते याचा अंदाज येतो.

भाड्याच्या गाड्यांसाठी 1863 मध्ये वेगळा कायदा झाला. गाडीला लायसन्स आणि नंबर, भाडं मनाला येईल ते नाही तर ठरलेल्या दराने. आजच्या टॅक्सी-रिक्षाचं टॅरिफ कार्ड, परमिट, बॅज हे सगळं याच वाटेने आलंय. डावीकडून चालायची पद्धत इंग्लंडातून आली, तिकडे 1835 च्या हायवे कायद्यात ती पक्की झाली होती. सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, पांढरे पट्टे यातलं काही नव्हतं, होता तो शिपाई आणि त्याचा हात. रात्री गाडी नीट दिसावी इतका उजेडच शहरात नव्हता, गॅसचे दिवे 1865 पासून काही मोठ्या रस्त्यांवर लागायला लागले.

9 मे 1874 ला घोड्याची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. ट्रामने रस्त्याचं गणितच बदललं, कारण बाकी सगळी वाहनं बाजूला होऊ शकतात, ट्राम होऊ शकत नाही. रुळावर बैलगाडी आडवी आली की मागची सगळी वाहतूक ठप्प. म्हणजे रस्त्याचा एक पट्टा कायम मोकळा ठेवणं ही पहिल्यांदाच रोजची गरज बनली.

आणि इथे परत घाण आणि ट्रॅफिक एकत्र येतात. ट्राम कंपनीच्या तबेल्यात 900 घोडे होते असं सांगतात. एक घोडा दिवसाला साधारण दहा किलो लीद टाकतो. म्हणजे नुसत्या ट्रामच्या घोड्यांची दिवसाला नऊ टन, त्यात शहरातल्या बाकी घोडागाड्या, हजारो बैल, घरोघरच्या गाई-म्हशी मिळवा. हे सगळं रस्त्यावर आणि तबेल्यात, वर पावसाळा, उन्हाळ्यात ते वाळून त्याची धूळ. त्या काळात वाहतूक वाढणं म्हणजे अक्षरशः मैला वाढणं होतं. झाडूवाले, पाणी शिंपडणारे भिस्ती आणि रस्ता मोकळा करणारा शिपाई हे तिघं एकच काम तीन बाजूंनी करत होते. 1907 मध्ये विजेची ट्राम आल्यावर घोडे गेले आणि हे नातं हळूहळू तुटलं. घाण आणि ट्रॅफिक हे दोन वेगळे विषय आहेत असं आपल्याला आज वाटतं त्याचं एक कारण घोड्याची जागा घेणारं इंजिन आहे, फक्त आता घाण धुरातून येते.

नियम लोकांवर कसा लादला जातो यावर किती अवलंबून असतं हे बघायचं तर थोडं मागे 1832 मध्ये जावं लागेल. मोकाट कुत्री मारायचा हुकूम होता, शिपायांना प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस. बक्षीस नगावर असल्यामुळे शिपाई पाळीव कुत्री सुद्धा ओढून मारायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान, त्यांनी जूनमध्ये दुकानं बंद केली, फोर्टमधले रस्ते अडवले, बाकीचे लोकही सामील झाले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. नगावर पैसे दिले की काम करणारा नग मोजतो, उद्देश कोणी बघत नाही. आजही टार्गेट देऊन पावत्या फाडायला लावल्या की हेच होतं.

हे सगळं चालवायचं कोणी, तर 1845 मध्ये सफाईसाठी बोर्ड झालं, 1858 मध्ये तीन कमिशनर, आणि 1865 च्या कायद्याने एकच म्युनिसिपल कमिशनर, सगळी सत्ता त्याच्या हातात. पहिला आर्थर क्रॉफर्ड. झपाट्याने काम करणारा माणूस, रस्ते, मार्केट, सफाई सगळ्याला हात घातला, 1869 चं क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचं. पण पैसा हाताबाहेर गेला, कर वाढले, आणि कर भरणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली की आम्ही पैसे देतो तर हिशोब कोण देणार? 1871 ला क्रॉफर्ड गेला. तरुण फिरोजशहा मेहतांनी तेव्हा मांडलं की खरा उपाय म्हणजे लोकांनी निवडलेले प्रतिनिधी. 1872 च्या कायद्याने 64 जणांची कॉर्पोरेशन आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. म्हणजे या देशात शहरी लोकांना मत द्यायचा जो सुरुवातीचा हक्क मिळाला त्यातला मोठा एक गटार आणि पाण्याच्या बिलावरच्या भांडणातून मिळाला. मत फक्त ठरावीक कर भरणाऱ्यालाच होतं, चाळीतल्या भाडेकरूला नाही आणि घरगल्लीत शिरणाऱ्याला तर नाहीच.

प्लेगनंतर तो हवेचा सिद्धांत पूर्ण जोरात आला. राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर यू एच एच (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन, म्हणजे माणसांना राहायला अयोग्य) अशी अक्षरं रंगवली गेली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते कापले. प्रिन्सेस स्ट्रीट समुद्राची हवा आत यावी म्हणून काढला, मोहम्मद अली रोड त्याच ट्रस्टचा. रस्ते खरोखर चांगले झाले, आजही दक्षिण मुंबईची वाहतूक त्यांच्यावर चालते. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांना तितक्या लवकर खोल्या मिळाल्या नाहीत, ते शेजारच्या गल्लीत जाऊन अजून दाटीने राहिले, आणि प्लेग पसरवणारे उंदीर आणि पिसवा तर हवा खेळती आहे की नाही हे बघतच नव्हते.

1888 चा तो महापालिका कायदा आजही चालू आहे, फक्त बॉम्बेच्या जागी मुंबई झालं. घरगल्लीची व्याख्या त्यात अजून आहे. रस्त्यावरचा माल नोटीस न देता उचलून न्यायचा अधिकार देणारं कलम 314 रोज वापरलं जातं, फेरीवाल्यांची गाडी येते तेव्हा मागे तेच कलम असतं. डोक्यावरून मैला वाहायला लावण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा 1993 मध्ये आला, नंतर 2013 मध्ये आणखी कडक, तरी गटारात उतरून माणसं मरतात.

आणि बेफाम गाडी हाकण्याचं कलम. 1860 च्या दंडसंहितेत ते 279 होतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून नवीन न्याय संहिता लागू झाली, तिथे ते कलम 281 झालं. रस्ता अडवण्याचा दंड दोनशेवरून पाच हजार केला, पण बेफाम गाडीचा दंड होता तिथेच ठेवला, हजार. 1860 मध्ये हजार रुपये म्हणजे एखाद्या गाडीवानाची कित्येक वर्षांची कमाई, म्हणून त्या आकड्यात जरब होती. आज तेवढ्यात मोठ्या गाडीची टाकीसुद्धा भरत नाही.